फुटलेल्या फोटोतला चष्मा

ज्या दिवशी खालच्या दुकानाच्या काचेवर तो फोटो लागला, त्या दिवशी सकाळी दहालाच रस्त्यावर अशी गर्दी झाली, की पावाच्या गाडीला वळायला जागा राहिली नाही. मी वरच्या खिडकीतून पाहत होते. नुसती डोकी दिसत होती, आणि डोक्यांच्या वर हात, आणि प्रत्येक हातात फोन. फोटोचा फोटो काढायला माणसं एकमेकांच्या पायावर पाय देत होती.

"ढकलू नका हो, ढकलू नका! फोटो कुठं पळून जात नाही!" दुकानदार स्टुलावर उभा राहून ओरडत होता.

हा दुकानदार माझा भाडेकरू. फोन दुरुस्त करतो, फोनची कव्हरं आणि वायरी विकतो. प्रत्येक वाक्य "आतली बातमी सांगतो" असं सुरू करायची त्याला खोड आहे, म्हणून सगळी गल्ली त्याला 'आतल्या' म्हणते. त्यालाही ते माहीत आहे आणि त्याला ते आवडतं.

"आतली बातमी सांगतो," आतल्या म्हणाला, "हा चष्मा अजून बाजारात नाही. कंपनीनं अजून तोंडही उघडलेलं नाही. पण फोटो फुटलाय! थेट कारखान्याच्या आतून!"

"काच फुटते. फोटो कसा फुटेल?" बेकरीवाली म्हणाली. तिचे हात अजून पिठाचे होते.

"अहो, परीक्षेचा पेपर फुटतो तसा. आतल्या माणसानं गुपचूप काढून बाहेर पाठवला. त्याचं नाव विचारू नका, बिचाऱ्याची नोकरी जाईल. कारखाना कुठला, तेही विचारू नका. कधी काढला, तेही विचारू नका."

"मग विचारायचं काय?" बसचा कंडक्टर म्हणाला.

"नाव कुठं नोंदवायचं, ते विचारा!"

गर्दी हसली आणि पुढं सरकली. चष्म्याची महती अशी होती: डोळ्यावर चढवला की अधू डोळ्याला दिसायला लागतं. ज्यांची नजर कडेनं गेली आहे, त्यांना कडेचं परत दिसतं. ना सुई, ना ऑपरेशन, ना डॉक्टरच्या दारात ताटकळणं. फोटोत एक काळा चष्मा पांढऱ्याशुभ्र उजेडावर तरंगत होता. खाली सावली नव्हती. नाकावरच्या जागी एक छोटी कडी चमकत होती आणि चष्म्याभोवती उजेडाची साय धरल्यासारखी दिसत होती.

"पण एवढा धुरकट का?" बेकरीवालीनं डोळे बारीक केले.

"धुरकट आहे म्हणूनच तर खरा! चोरून काढलेला फोटो कधी लख्ख असतो का? लख्ख असता तर मीच आधी म्हटलं असतं, की खोटा आहे म्हणून."

लोकांनी माना डोलावल्या. फोटो वाईट आहे हाच तो खरा असल्याचा पुरावा. नाव नोंदवायची वही भराभर भरू लागली. नाव नोंदवायला आत गेलेला माणूस रिकाम्या हातानं बाहेर येत नव्हता, कोणी कव्हर घेत होता, कोणी वायर. मी खिडकी लावून घेतली. मला हसू आलं होतं. ते हसू चार वाजेपर्यंतच टिकलं.

चार वाजता घड्याळजी यायचे. रोज. आमचे हे गेले त्याला अकरा वर्षं झाली. हे आणि घड्याळजी लहानपणापासूनचे मित्र. एकानं फोटो काढायचे, दुसऱ्यानं घड्याळं दुरुस्त करायची. हे गेल्यावर घड्याळजी समाचाराला म्हणून चार वाजता आले, ते दुसऱ्या दिवशीही आले, आणि मग येतच राहिले. चहा, दोन बिस्किटं, थोडं बोलणं, बरंचसं गप्प बसणं. दर गुरुवारी ते माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायचे. आठ दिवसांच्या चावीचं ते जुनं घड्याळ, आमच्या स्टुडिओतलं. आम्हाला मूलबाळ नाही. दिवसभरात माझ्याशी पूर्ण वाक्य बोलणारं माणूस ते एकच. उरलेली माणसं 'काय मावशी' म्हणून उत्तराची वाट न पाहता पुढं जातात.

वर्षभरापासून त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत होता. डोळ्यांतला दाब थेंबांना दाद देईना. वाळवी लाकूड कडेनं खाते तशी नजर कडेनं खाल्ली जात होती. समोरचं बारीक काम अजूनही दिसायचं, घड्याळातली केसासारखी स्प्रिंग ते अचूक बसवायचे. पण दाराची चौकट दिसायची नाही. माझ्या दारात त्यांचा डावा खांदा रोज आपटायचा. त्या आवाजावरून मला कळायचं, चार वाजले.

डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली होती, पुढच्या शुक्रवारची. गेलेली नजर परत येणार नाही, पण आहे ती राहील, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. ऑपरेशननंतर घड्याळजींची मुलगी त्यांना कायमचं आपल्या गावी नेणार होती. एकट्या माणसाला थेंब कोण घालणार, जिन्यावर हात कोण धरणार? ठरलं होतं सगळं. मी कॅलेंडर त्या शुक्रवारच्या पुढं उलटून पाहत नव्हते.

त्या दिवशी खांदा आपटला आणि पाठोपाठ हसण्याचा आवाज आला.

"वहिनी, ऑपरेशन रद्द!"

"म्हणजे?"

"चष्मा येतोय. नाव नोंदवून आलो. एवढं मोठं चित्र लावलंय खाली! पण मला मेलं ते तुकड्यातुकड्यानं दिसतं. आधी एक काच, मग दांडी, मग दुसरी काच. एकदम पूर्ण काही दिसत नाही. म्हणून फोनवर घेऊन आलो." त्यांनी फोन माझ्या हातात दिला. "तुमची फोटोतली नजर. तुम्ही सांगा, खरा वाटतो ना?"

मी फोन घेतला. आणि मला माझी खोली, माझं काम, माझे तरुण हात, सगळं आठवलं.

खालचं दुकान म्हणजे आमचा स्टुडिओ होता. हे फोटो काढायचे आणि मी मागच्या खोलीत बसून रिटचिंग करायची. आता तो शब्दही गेला. उतरत्या फळीचं एक मेज असे. फळीच्या मधोमध चौकोनी भोक, त्यात दुधी काच, आणि खालून उजेड. काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि टोकदार पेन्सिलीनं सुरकुत्या, व्रण, डाग भरून काढायचे. सत्तावीस वर्षं मी त्या मेजावर लोकांचे चेहरे सुधारले. गल्लीतल्या कुठल्या नवरीच्या गालावर देवीचे वण होते, हे आज फक्त मला ठाऊक आहे. माझा भाऊ गेल्याची तार आली त्या दिवशी माझ्या हातातली कात्री काचेवर पडली आणि डाव्या कोपऱ्याचा टवका उडाला, मांजराच्या कानाएवढा. त्या खड्ड्यात मी मेणबत्तीचं मेण भरलं आणि पुन्हा कामाला लागले. काच बदलायचं राहूनच गेलं. आतल्यानं जागा घेतली तेव्हा ते मेज तिथंच राहिलं. माझ्या जिन्यावरून ते वर येईना.

तर, फोनमधला तो फोटो. मी माझा चष्मा कपाळावर चढवला, फोन डोळ्याजवळ आणला. अर्ध्या मिनिटात मला जे कळायचं ते कळलं. लेन्सला आवडनिवड नसते. हात हलला तर सगळं चित्र हलतं, नेम चुकला तर एका अंतरावरचं सगळं पुसट होतं. इथं चष्म्याच्या दांडीवरची धूळ मोजता येत होती, आणि त्याच दांडीवर, बोटभर अलीकडं, जिथं कंपनीचं नाव असायला हवं तिथं मात्र धुकं होतं. नाकावरची कडी धुक्यात, तिच्या शेजारचा स्क्रू लख्ख. असं धुकं हवेत नसतं, ते कुणीतरी मुद्दाम आणलेलं असतं. आमच्या धंद्यातली ही पहिली चलाखी: जिथं ब्रश चुकला, तिथं धूसर करायचं आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, की असंच शोभून दिसतं.

"काय म्हणता?" घड्याळजींनी विचारलं. चेहरा उजळलेला, चाळीस वर्षांपूर्वी पहिलं दुकान थाटलं तेव्हा दिसला होता तसा. "हा चष्मा आला की जायलाच नको मला. मी इथंच. रोज चार वाजता हजर!"

रोज चार वाजता हजर.

"मला काय कळतंय त्या नव्या यंत्रातलं," मी म्हटलं. "असेलही."

ते खुशीत दुसरं बिस्कीट बुडवू लागले. मी खिडकीबाहेर पाहत राहिले.

ते गेल्यावर मी कपबश्या विसळायला घेतल्या, आणि एक जुनी गोष्ट वर आली. मी ती कुणाला सांगितलेली नाही. ह्यांनाही नीटशी नाही.

माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती तेव्हा एक बरं करणारा बाबा आमच्या स्टुडिओत फोटो काढायला आला. हात ठेवून रोग घालवतो, अशी त्याची ख्याती. त्याचा एक चेला मागं थांबला आणि म्हणाला, "वहिनी, डोक्यामागं थोडं तेज येईल का?" मी तरुण होते, हातातल्या कसबाचा गर्व होता. मी पेन्सिलीची पूड कापसावर घेतली आणि निगेटिव्हवर डोक्याभोवती हलकेच घासली. निगेटिव्हवर जिथं काळं, तिथं कागदावर उजेड. अर्ध्या तासात बाबाच्या डोक्यामागं पौर्णिमा उगवली. त्याच्या शेकडो प्रती गेल्या. घराघरांत लागल्या.

समोरच्या घरात एक शिवणकाम करणारी बाई होती. तिला गळ्याशी गाठ आली होती. इस्पितळात चार फेऱ्या झाल्यावर तिनं जाणं सोडलं. तो फोटो उशाशी ठेवला. मी भेटायला गेले तर तिनं माझा हात धरला. "तू फोटोवाल्याची बायको. कॅमेऱ्यातून तुम्हाला दिसलं असेल ना गं, खरंच तेज होतं?"

फोटो तिथंच होता. माझ्या बोटांच्या नखांत पेन्सिलीची पूडही असेल कदाचित. तिचे डोळे इतके आशेनं भरलेले, की मला वाटलं, आत्ता हे मोडणं म्हणजे दुष्टपणा.

"हो," मी म्हटलं.

सहा महिन्यांत ती गेली. इस्पितळात गेली असती तर वाचली असती का, मला माहीत नाही. पण जायचं की नाही हे ठरवायला तिच्याकडं माझा 'हो' होता. आणि तो खोटा होता.

ही गोष्ट आठवूनही मी दोन दिवस गप्पच राहिले, हे आधीच कबूल करते. माणूस आपल्या गप्प राहण्याला फार चांगली चांगली नावं देतं. मी म्हटलं, त्यांची खुशी का मोडा. म्हटलं, मुलगी पाहून घेईल. म्हटलं, म्हातारीचं कोण ऐकतंय. खरं नाव मी घेतलं नाही.

तिसऱ्या दिवशी खाली पुन्हा कल्ला झाला. फोटो इंटरनेटवर बाहेरदेशीच्या पानांवर आला होता. आतल्यानं भोंगाच लावला: "सतरा ठिकाणी! सतरा! परक्या भाषेत! आता बोला!" कंडक्टर, जो पहिल्या दिवशी नुसता हसत होता, त्यानंही आईचं नाव नोंदवलं. सतराजण काय खोटं बोलतील?

दुपारी घड्याळजींच्या मुलीचा फोन आला. आवाज रडवेला.

"काकू, बाबा ऐकतच नाहीत. डॉक्टर म्हणाले, ही तारीख सोडली तर पुढची दीड महिन्यानंतर. तोवर उजवा डोळा राहील की नाही, सांगता येत नाही. मी म्हटलं, चष्मा आला तर नंतर घ्या. तर म्हणतात, डोळा एकदा कापला की त्या चष्म्याला चालत नाही, दुकानदारानंच सांगितलंय. तुमचं ऐकतात हो ते. तुम्ही सांगा ना."

"बघते," मी म्हटलं.

ती म्हणाली, "काकू, बाबा इकडं आले की तुम्ही अगदी एकट्या पडाल. मला कळतं ते. मला माफ करा."

तिनं माझी माफी मागितली. मी फोन ठेवला आणि समोर भिंतीवर पाहिलं. घड्याळ चालू होतं. त्यांच्याच चावीवर. मी कपाटातून माझं जुनं भिंग काढलं, पदरानं पुसलं आणि बऱ्याच दिवसांनी खालच्या दुकानाचा जिना उतरले.

गर्दी होतीच. घड्याळजीही होते, एका कडेला, खुर्चीवर.

"या मावशी, या! तुम्हीही नाव नोंदवणार?" आतल्या म्हणाला.

"नोंदवते ना. आधी मला निगेटिव्ह दाखव."

"काय दाखव?"

"मूळ. हा फोटो ज्यातून निघाला ते. पहिला."

"अहो मावशी, आता निगेटिव्ह कुठं असते! कुठल्या जमान्यात आहात!" लोक हसले.

"बरं, नाही तर नाही. ते सतरा फोटो तरी दाखव. सगळे एकदम. त्या मोठ्या पडद्यावर."

ते त्याच्या आवडीचं काम होतं. जाहिरातींसाठी लावलेल्या टीव्हीवर त्यानं सतराही फोटो शेजारी शेजारी मांडले. कुठं रंग निळसर, कुठं पिवळट, कुठं बाण काढलेले, कुठं परक्या लिपीतली मोठाली अक्षरं. लोक "बापरे" म्हणाले. मी भिंग घेऊन आधी काचेवरच्या मोठ्या फोटोपाशी गेले. फोनवर इवलंसं दिसलं होतं ते इथं हातभर होतं. कडा, कोपरे. आणि डाव्या खालच्या कोपऱ्यात, पांढऱ्या उजेडात, एक किंचित मळकट तिकोन.

मांजराचा कान.

तार, कात्री, भाऊ, सगळं त्या तिकोनात होतं.

"कंडक्टर, तुमची नजर चांगली आहे," मी म्हटलं. "पडद्यावर बघा. प्रत्येक फोटोत खालच्या डाव्या कोपऱ्यात काय दिसतंय?"

"डाग आहे. तिकोनी. ह्यातही आहे... ह्यातही. हा एक आरशासारखा उलटा केलाय, त्यात उजवीकडं आहे. ह्या दोनांत कोपराच कापलाय."

"चष्म्याच्या दांडीवर धुळीचे कण किती?"

त्यानं मोजले. "पाच. सगळीकडं पाचच, त्याच जागी."

"म्हणजे सतराजणांनी सतरा फोटो नाही काढलेले. एकच फोटो आहे, त्याच्या सतरा प्रती. मी एका निगेटिव्हवरून पाचशे प्रती काढायची. म्हणून चेहरे पाचशे होत नव्हते. सतरा साक्षीदार नाहीत हे, एका साक्षीदाराची सतरा तोंडं आहेत."

"असेना का एक!" बेकरीवाली म्हणाली. "एक तर आहे ना खरा?"

"तो कुठं काढलाय ते दाखवू?"

आतल्याचा चेहरा पडायला लागला होता. "मावशी, गिऱ्हाइकं खोळंबलीत..."

"मागच्या खोलीतलं माझं मेज पुढं आण."

"त्यावर सामान आहे."

"सामान मी उतरवतो," म्हणत कंडक्टर आत गेला आणि बेकरीवालीच्या मदतीनं मेज ओढत घेऊन आला. ते मेज मी किती वर्षांनी पाहत होते! फळीवर फोनचे सुटे भाग, चिकटपट्टी, धूळ. दुधी काचेखाली आतल्यानं एक छोटी ट्यूब बसवली होती, उघडलेले फोन नीट दिसावेत म्हणून. कोपऱ्यात माझं मेण, आता पिवळं पडलेलं.

"भावजी, तुमचा चष्मा द्या जरा."

घड्याळजींनी चष्मा काढून दिला. काळी जाड फ्रेम, डाव्या दांडीला तांब्याची तार गुंडाळलेली. मोडली तेव्हा त्यांनीच गुंडाळली होती. मी तो काचेवर उलटा ठेवला. सुट्या भागांत एका मेलेल्या फोनच्या कॅमेऱ्याची कडी होती, ती नाकावरच्या जागी ठेवली. ट्यूब लावली. खालून उजेड आला, आणि चष्म्याची सावलीच नाहीशी झाली. चष्मा तरंगायला लागला.

"सावली पडत नाही म्हणजे दैवी नव्हे," मी म्हटलं. "उजेड खालून आहे, म्हणून पडत नाही."

पॅकिंगच्या पारदर्शक प्लास्टिकचा एक तुकडा घेतला. बेकरीवालीच्या हातावरचं तूप त्याला दोनच ठिकाणी पुसलं, बाकी स्वच्छ ठेवला. तो फोनच्या लेन्सपुढं धरला आणि कंडक्टरला म्हटलं, "दाब."

फोटो टीव्हीवर आला. काळा चष्मा, पांढऱ्या उजेडावर तरंगणारा. भोवती उजेडाची साय. कडी धुक्यात, स्क्रू लख्ख. डाव्या खालच्या कोपऱ्यात मांजराचा कान.

मग कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, हा तर तोच!"

घड्याळजी उठले. टीव्हीच्या अगदी जवळ गेले आणि नळीतून पाहावं तसं चित्र तुकड्यातुकड्यानं पाहू लागले. एक काच. दांडी. दांडीवर ते थांबले.

"ही तार," ते हळूच म्हणाले. "हा माझा चष्मा आहे."

"हो भावजी. ज्यातून तुम्हाला दिसत नाही, तोच."

आतल्या तिथंच स्टुलावर बसला. सगळे त्याच्याकडं वळले. कंडक्टर बाह्या सरसावू लागला, मी त्याला हातानं थांबवलं.

"आतली बातमी सांग आता," मी म्हटलं. "खरीखुरी."

"मावशी, अशा चष्म्याची कुठंतरी कुजबूज वाचली होती मी," तो खाली पाहत म्हणाला. "म्हटलं, फोटो आधी आपल्याकडं हवा. चार माणसं दुकानात येतील. भंगारातला चष्मा ठेवला आणि काढला. मीच इंटरनेटवर टाकला. पण खरं सांगतो, तो बाहेरदेशीहून फिरून परत आला ना, परक्या अक्षरांत, तेव्हा मलाच वाटायला लागलं, की असेल बुवा. आपण बनवला, पण असेल खरा."

कुणी हसलं नाही. माझा रागही तिथंच विरला. स्वतःच सोडलेला आवाज डोंगरावरून परत आला, आणि त्याला वाटलं, दुसऱ्याच कुणी हाक मारली.

"आणि डोळा कापला की चष्मा चालत नाही, हे कुणी सांगितलं?"

"ते... ते आपलं बोलता बोलता."

"बोलता बोलता एका माणसाचा डोळा जात होता," मी म्हटलं.

"पण मावशी," बेकरीवाली म्हणाली, "कंपनी असा चष्मा करतच नसेल, हे कुठं सिद्ध झालं?"

"नाही झालं. करत असेलही. केलाच तर डॉक्टर तपासतील, दुकानात येईल, तेव्हा मीही घेईन. ह्या फोटोनं काय सिद्ध होतं, एवढंच मी सांगतेय. ह्या फोटोनं सिद्ध होतं, की आतल्याकडं माझं मेज आहे."

आतल्यानं उठून काचेवरचा फोटो उतरवला. वहीतली नावं लोकांनी आपापल्या हातानं खोडली. गर्दी जशी आली तशी गेली, फक्त आवाज नव्हता.

घड्याळजी जिना चढून वर आले. खांदा आपटला. खुर्चीत बसले आणि बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

"वहिनी, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"हो," मी म्हटलं. आयुष्यात ह्या शब्दाची एक जुनी बाकी होती.

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही गेलात तर चार वाजता कोण येणार, म्हणून."

चहा गार झाला. मग उठून त्यांनी घड्याळाचं दार उघडलं, चावी माझ्या हातात दिली. "इकडं या. उजवीकडं सात फेरे. आठवा देऊ नका, स्प्रिंग तुटते. शिकून घ्या." मी सात फेरे दिले. ते कान लावून ऐकत होते.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. नंतर मुलगी त्यांना घेऊन गेली. शिकले होते तरी मी घड्याळाला चावी दिली नाही. आठ दिवसांनी ते थांबलं. थांबू दिलं.

दोन महिन्यांनी त्यांचा फोन आला, चित्रासकट. त्यांनी फोन डोळ्याला अगदी चिकटवला होता, मला नुसतं एक बुबुळ दिसत होतं. "फोन फिरवा जरा, खोली बघू द्या," म्हणाले. मी हळूहळू फिरवला. टेबल, खिडकी, भिंत.

"थांबा! वहिनी, घड्याळात सव्वाअकरा वाजलेत. आत्ता तर चार. मला चुकीचं दिसतंय का?"

"बरोबर दिसतंय. बंद आहे ते."

"कधीपासून?"

"तुम्ही गेलात त्याच्या पुढच्या आठवड्यापासून."

"म्हणजे दिसतंय मला!" ते लहान मुलासारखे ओरडले. "काटेसुद्धा दिसतायत! द्या चावी! द्या आत्ता! मी मोजतो." आणि त्या लांबच्या गावातून त्यांनी सात आकडे मोजले.

मी शिकलेली बाई नाही. डोळ्यातल्या दाबातलं मला कळत नाही, नव्या यंत्रांतलं तर मुळीच नाही. पण आयुष्यभर मी उजेड बनवला, काळ्या पेन्सिलीनं बनवला, म्हणून एवढं सांगायचा मला हक्क आहे. डोळे दिपवणारा फोटो हातात आला तर आधी विचारा, उजेड कुठून येतोय. विचारा, पहिला फोटो कुणी काढला, कुठं काढला. 'विचारू नका' म्हणणाऱ्याला तर दोनदा विचारा. सतराजण सांगतात म्हणून मान डोलवू नका. सतराजणांनी ऐकलं कुणाकडून, ते पाहा. आणि तोवर डॉक्टरची तारीख सोडू नका.

आणखी एक. ज्याला कळलं असेल त्यानं बोलावं. गप्प राहायला कारण नेहमी सापडतं. माझ्याकडंही होतं, रोज चार वाजता दारात आपटणारं. आता चार वाजता दारात काही आपटत नाही. घड्याळाचे चार टोले पडतात. गुरुवारी चावी मीच देते.